सगळीकडे 'नाही' लिहिणाऱ्या मामांना

तीर्थरूप मामा,

साष्टांग नमस्कार. (मागच्या खेपेला समक्षच घालणार होतो, पण तेव्हा तुम्ही माझ्या आधीच जमिनीवर होतात, म्हणून तो राहून गेला. तो धरून हे दोन समजावेत.) तुमची प्रकृती उत्तम असेलच. असेलच म्हणतो, कारण आमच्या दप्तरी ती गेली सव्वीस वर्षं उत्तम आहे, आणि दप्तरापुढे भाच्याच्या डोळ्यांना कोण विचारतो. मामींना नमस्कार. त्यांनी बाथरूमच्या भिंतीला दुसरी दांडी बसवून घेतली असं आईकडून कळलं. पहिली दांडी टॉवेलसाठी होती. दुसरी कशासाठी ते आईने विचारलं नाही आणि मामींनी सांगितलं नाही. आमच्या दवाखान्यातही याच पद्धतीने काम चालतं, त्यामुळे ऐकून मला अगदी ऑफिसात बसल्यासारखं वाटलं.

फोन सोडून पत्र कुठून काढलंस, असं म्हणाल. फोनवर मी मुद्द्यावर आलो की तुम्ही 'विमानात चढतोय, ठेवतो' म्हणता. रविवारी दुपारी, मागे मामी भांडी घासताना ऐकू येत असतात तरीसुद्धा. शिवाय तुमच्या उजव्या कानात हल्ली शिट्टी वाजते, म्हणून फोन डाव्या कानाला लावता, आणि डाव्या कानाने तुम्ही पहिल्यापासून फक्त सोयीचं ऐकता. पत्राला मधेच ठेवून देता येत नाही. ठेवलं तरी ते टेबलावर पडून तुमच्याकडे बघत बसतं. तर तुमचा निरोप पोचला. जशाच्या तसा उतरवतो, म्हणजे पुढे 'मी असं म्हणालोच नाही' नको: 'बुधवारी फेरी आहे. गुरुवारी सकाळी दहाला तपासणीला येतो. माझा फॉर्म तूच भरून ठेव. रेघ सरळ मार.' काम अर्ध्या मिनिटाचं आहे. पण फॉर्म चार दिवस माझ्यापुढे पडून आहे. तो का पडून आहे, हेच लिहायला बसलोय.

आता तुम्ही म्हणाल, नोकरी मी लावून दिली आणि हा मलाच शहाणपण शिकवतो. नोकरी तुम्हीच लावलीत, कबूल. चार वर्षांत माझी ही नववी. लिफ्टवाल्याचा मदतनीस होतो (तिथून निघालो, कारण मी आतच अडकलो), नकाशे विकले, एका माणसाच्या घोड्यांना पाणी पाजलं, आणि मधे पाच आठवडे एका तरणतलावावर जीवरक्षक होतो. मला पोहता येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यांना नव्हतं. अर्जात विचारलं होतं, 'पोहता येते का?' मी लिहिलं, 'हो'. हे मी काही ठरवून केलं नाही, मामा. अर्ज पुढे आला की माणसाचा हात मालकाला न विचारता खोटं बोलतो. पाचही आठवडे तलाव दुरुस्तीसाठी कोरडा होता, म्हणून कोणाचं काही वाकडं झालं नाही, आणि मला चांगल्या वर्तणुकीचा दाखलासुद्धा मिळाला. सांगायचा मुद्दा, मी काही हरिश्चंद्राचा अवतार नाही. पण तो तलाव कोरडा होता. हे एवढं लक्षात ठेवा, पुढे लागेल असं नाही, तरी ठेवा.

आमचा दवाखाना तुम्ही दर सहा महिन्यांनी बघता, पण तुम्ही बघता तो गणवेशातून. मी टेबलामागून बघतो. खाली पडद्यांचं दुकान, वर एक नोटरी, मधे आम्ही. अकरा खुर्च्या, एक पाण्याचा फिल्टर, आणि 'उड्डाण खाते मान्यताप्राप्त वैद्यकीय परीक्षक' अशी पितळी पाटी. या अकरा खुर्च्यांवर जगातली सगळ्यात निरोगी माणसं येऊन बसतात. दुसऱ्या मजल्यापर्यंत लंगडत आलेला माणूस तिसऱ्या मजल्याच्या उंबऱ्यावर पाय ठेवताच संचलनात असल्यासारखा चालायला लागतो. ज्याला खोकला आहे तो खाली पडद्यांच्या दुकानात जाऊन खोकून येतो. पडदेवाल्याला वैमानिकांच्या तब्येतीची जितकी माहिती आहे तितकी खात्याला नाही. कोणाची छाती भरलीय, कोणाची पाठ धरलीय, कोण जिन्यात बसून गोळी चघळतो, सगळं त्याला तोंडपाठ. मी त्याला एकदा म्हटलं, तुम्हीच का नाही परीक्षक होत? तो म्हणाला, 'माझ्याकडे ते खरं बोलतात कारण मी विचारत नाही. विचारायला लागलो तर धंदा बसेल.'

आमचे डॉक्टर देवमाणूस. वय झालंय, कान गेलेत. कानांची तपासणी मात्र अजून तेच करतात. उमेदवाराच्या मागे उभं राहून हळूच एक आकडा म्हणायचा आणि त्याने तो परत म्हणायचा. परवा डॉक्टर पुटपुटले, 'चौऱ्याहत्तर.' कॅप्टन म्हणाले, 'घरी सगळे मजेत.' डॉक्टर म्हणाले, 'उत्तम.' आणि लिहिलंही तसंच. डोळ्यांच्या तक्त्याचं तर विचारूच नका. तो एकच तक्ता अठरा वर्षं त्याच खिळ्यावर आहे, आणि वैमानिकांच्या बायकामुलांनाही तो पाठ असावा. मागच्या महिन्यात भिंत रंगवायला म्हणून तो उतरवला होता, आणि एका वरिष्ठ कॅप्टननी रिकाम्या भिंतीकडे बघून शेवटची बारीक ओळसुद्धा न अडखळता वाचून दाखवली. शेरा पडला, 'दृष्टी असामान्य.' मी खोटं सांगत नाही. तो शेरा माझ्याच अक्षरात आहे.

पण खरी मौज फॉर्मची. अडतीस प्रश्न, प्रत्येकापुढे 'हो' आणि 'नाही' अशी दोन घरं. छातीत दुखतं का, फिट येते का, चक्कर येते का, झोप उडाली आहे का, मन भरकटतं का. पहिल्या दिवशी मी एकेक प्रश्न वाचून दाखवायला लागलो, तर समोरचे कॅप्टन माझ्याकडे असे बघायला लागले जसं काही मी त्यांच्या बायकोचं वय विचारलं. तेवढ्यात आमच्या सिस्टरबाई धावून आल्या. (दवाखाना डॉक्टरांच्या नावावर आहे, चालवतात सिस्टरबाई. रक्तदाब तीनदा घेतात आणि तिसरा लिहितात. त्यांचं म्हणणं, पहिला आकडा पाहुण्यासारखा, आला तसा जाऊ द्यायचा. तिसरा तो आपल्या घरचा.) त्यांनी खणातून लाकडी पट्टी काढली, 'नाही'च्या घरांवर उभी धरली आणि पहिल्या प्रश्नापासून खालपर्यंत एकच रेघ मारली. 'हे असं भरायचं,' म्हणाल्या. 'लोक कामाचे असतात. तू पोथी काय वाचत बसतोस.' मी विचारलं, कोणी 'हो' म्हणालं तर? त्या विचारात पडल्या. मग म्हणाल्या, 'माझ्या नोकरीत तरी अजून कोणी म्हणालेलं नाही.'

शाळेत माझं चित्त कधी लागलं नाही, पण रिकामा बसलो की मी समोर येईल ते वाचतो. औषधाच्या बाटलीवरचं, लिफ्टमधली सूचना, काहीही. तिसऱ्या दिवशी जेवणानंतर मी फॉर्म शेवटपर्यंत वाचला. अडतिसावा प्रश्न असा होता: 'वरील सर्व उत्तरे खरी आहेत का?' आणि सिस्टरबाईंची रेघ त्याच्याही 'नाही'तून आरपार गेली होती. मी दुसरा फॉर्म काढला. तिसरा काढला. मग कपाटच उपसलं. मामा, वर्षानुवर्षं, शेकडो वैमानिकांनी, सही ठोकून, तारीख घालून, खात्याला लेखी कळवलं आहे की आम्ही वर जे काही लिहिलंय ते सगळं खोटं आहे. आणि प्रत्येकावर खात्याचा गोल शिक्का आहे: 'समाधानकारक'. तुमचेही बावन्न फॉर्म त्यात आहेत. खात्याशी इतका प्रामाणिकपणा दुसऱ्या कोणी केला नसेल, फक्त वाचायला पलीकडे कोणी नव्हतं.

तेव्हा मी गप्प बसायला हवं होतं. पण माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, कुठे फट दिसली की बोट घातल्याशिवाय राहवत नाही. (लिफ्टमध्ये तसाच अडकलो.) मी खात्याला एक विनंतीपत्र लिहिलं: महोदय, सविनय कळवण्यात येते की उमेदवार स्वतःच उत्तरे खोटी असल्याचे म्हणत आहेत, तरी पुढे काय करावे ते कळवावे. सोबत नमुन्यादाखल चाळीस प्रती. सिस्टरबाईंना कळलं तेव्हा त्या खुर्चीत बसल्या आणि त्यांनी स्वतःचाच रक्तदाब घेतला. एकदाच घेतला. डॉक्टर मला म्हणाले, 'अरे, मी विचारत नाही, ते सांगत नाहीत, म्हणून दोघंही निरोगी आहोत. तुला हा मधेच कसला ताप चढला?' एकोणीस दिवस काही आलं नाही. मी पिशवी भरून ठेवली होती, दहावी नोकरी कुठली याचा विचारही सुरू केला होता. विसाव्या दिवशी खात्याचं परिपत्रक आलं. त्यात आमच्या दवाखान्याने एका गंभीर त्रुटीकडे लक्ष वेधल्याबद्दल समाधान व्यक्त केलं होतं. त्रुटी प्रश्नाच्या रचनेत होती, असं तज्ज्ञ समितीचं मत पडलं. म्हणून अडतिसावा प्रश्न बदलला. आता तो असा आहे: 'वरील उत्तरांत काही खोटे आहे का?' जुने फॉर्म सद्भावनेने भरलेले मानण्यात येतील. सिस्टरबाईंनी नवा फॉर्म हातात घेतला, पट्टी लावली, वरून खाली रेघ मारली आणि मला म्हणाल्या, 'बघ, शेवटी सरळ माणसाचं सरळच होतं.'

हसू आलं ना? मलाही दोन दिवस येत होतं. तिसऱ्या दिवशी ती आली.

ती म्हणजे एक सहवैमानिक, माझ्याहून दोनतीन वर्षांनीच मोठी, खांद्यावर तीन पट्ट्या. मी पट्टी उचलली तसं तिने माझ्या हातातून पेन घेतलं, खुर्ची टेबलापाशी ओढली आणि प्रश्न वाचायला लागली. एकेक. एकोणतिसाव्या प्रश्नापाशी, झोप किंवा मन यासाठी कधी कोणाचा सल्ला घेतला का, तिथे तिने 'हो'च्या घरात खूण केली. सहा महिन्यांपूर्वी तिचे वडील गेले होते. महिनाभर झोप नव्हती, म्हणून ती एका मनाच्या डॉक्टरकडे तीन वेळा जाऊन बोलली, बरं वाटलं, झोप आली, संपलं. एवढंच तिने लिहिलं. पण आमच्याकडे 'हो' झेपायची सोयच नव्हती. 'हो' म्हटलं की जोडपत्र लागतं, आणि ते कोणी पाहिलेलंच नव्हतं. शोधताशोधता पाण्याच्या फिल्टरच्या एका पायाखाली सात पानांची घडी सापडली, फिल्टर डुगडुगू नये म्हणून घातलेली. तेच जोडपत्र. त्यात मयत व्यक्तीचा मूळ दाखला मागितला होता, तीन वेगवेगळ्या डॉक्टरांकडून 'सध्या दुःख नाही' अशी प्रमाणपत्रं मागितली होती, आणि शेवटी विचारलं होतं, 'सदर दुःख पुन्हा उद्भवण्याची शक्यता आहे काय?' तिने थोडा विचार केला आणि लिहिलं, 'आई आहे अजून.'

ते 'उत्तर असंबद्ध' असा शेरा मारून परत आलं. तिला विमानातून उतरवलं, त्याला आता सात महिने झाले. सध्या ती तुमच्या कंपनीच्या ऑफिसात येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वहीवर सह्या घेते. महिन्याच्या महिन्याला जाडजूड होत चाललेली फाइल घेऊन ती आमच्याकडे येते आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसते. तिच्या दोन्ही बाजूंच्या दोन-दोन खुर्च्या रिकाम्या राहतात. खरं बोलणं हे उडून दुसऱ्याला लागतं, असं तुमच्या लोकांचं ठाम मत दिसतं. बरं, तिला दुःख नाही हे सिद्ध करायचंय, आणि सात महिने जमिनीवर बसवलेल्या माणसाचा चेहरा बघून कुठला डॉक्टर तसं लिहून देईल? म्हणजे खात्याने तिला आधी दुःखी केलं आणि आता तेच दुःख नसल्याचा पुरावा मागतंय. तुमच्या त्या सरळ रेघवाल्यांना मी भित्रे म्हणत नाही, मामा. त्यांनी हे बघितलंय. मी त्यांच्या जागी असतो तर मीही पट्टी मागितली असती.

गेल्या महिन्यात मी तिला चहा देताना विचारलं, कशाला लिहिलंत 'हो'? ती म्हणाली, 'खरं होतं म्हणून.' मी म्हटलं, खरं तर इथल्या सगळ्यांचंच असतं. तेव्हा ती म्हणाली की सुरक्षा सप्ताहात एका कॅप्टनसाहेबांचं भाषण झालं होतं. शरीरातलं, मनातलं काही लपवू नका, ज्याने लपवलं त्याने मागे बसलेल्या प्रत्येकाला फसवलं, असं ते इतकं तळमळून बोलले की टेबलाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली होती, बोटं पांढरी पडली होती. त्यांचं ते वाक्य तिने आपल्या उड्डाणवहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय. कोण कॅप्टन, मी विचारलं. तिने तुमचं नाव सांगितलं. मी तेव्हा साखर घालत होतो, ती घालतच राहिलो. मग न राहवून सांगितलं की ते माझे सख्खे मामा. तिचा चेहरा उजळला. म्हणाली, 'कसे आहेत सर?' मी म्हणालो, 'उत्तम.' दप्तरी हेच उत्तर आहे.

टेबलाची कड तुम्ही का धरली होतीत ते तिला माहीत नाही. मला माहीत आहे. मार्चमध्ये मी चार दिवस तुमच्या सोफ्यावर होतो (आठवी आणि नववी नोकरी यांच्या मधे), तेव्हा सकाळी साडेसहाला तुम्ही बाथरूमपासून पलंगापर्यंत हातापायांवर रांगत जाताना दिसलात. मी बघतोय हे कळल्यावर म्हणालात, कमरेचा व्यायाम आहे, वैमानिकांना करावा लागतो. मी भोळा. दोन दिवस मीही तुमच्या मागोमाग रांगलो. गुडघे सोलले, पण मनात म्हटलं, मामा या वयात करतात तर आपण का मागे राहावं. तिसऱ्या दिवशी मान वर करून बघतो तर तुम्ही दाराच्या चौकटीला कपाळ टेकवून, डोळे मिटून, घर फिरायचं थांबायची वाट बघत होतात. मला बघून हसलात. त्याच दिवशी अकरा वाजता गणवेश चढवून निघालात, एकशे ऐंशी माणसं घेऊन. मी बाल्कनीतून हात केला. तुम्ही गाडीपर्यंत गेलात ते भिंतीच्या कडेकडेने, एक हात भिंतीला लावून, जसं काही भिंतीचा रंग कसा लागलाय ते तपासत होतात.

आणि त्या रांगण्याच्या भानगडीत मला तुमच्या पलंगाखाली एक कागद सापडला. दुसऱ्या गावच्या कानाच्या डॉक्टरांचा. नाव तुमचं, वय तुमचं, व्यवसाय: पडद्यांचे व्यापारी. (आमच्या खालचं दुकान बरोब्बर आठवलं तुम्हाला.) त्या बिचाऱ्याने मनापासून तपासलं होतं. लिहिलं होतं, आतल्या कानाचा विकार आहे, औषधाने बरा होतो, सहा महिने धीर धरावा. आणि खाली, तुमचा धंदा लक्षात घेऊन, लाल शाईने अधोरेखित: 'शिडीवर चढू नये.' मामा, मी तो कागद दोनदा वाचला. पडदेवाल्याला शिडी बंद, आणि तुम्ही ढगांवर.

तुमची अडचण मला समजत नाही असं नाही. निवृत्तीला अकरा महिने उरलेत. 'हो' लिहिलंत तर हे अकरा महिने जोडपत्रातच जातील आणि शेवटचं विमान तुम्ही कोणाला न सांगता, एखाद्या साध्या मंगळवारी उतरवून बसलेले असाल. चार पट्ट्या बघून सलाम करणारा वॉचमन उद्या साध्या शर्टात ओळखणार नाही, हीच तुमची भीती. मी नऊ नोकऱ्या बदलल्या, मला एकाही वॉचमननी कधी ओळखलं नाही. सवय होते. सुरुवातीला थोडं लागतं.

असो. फार वाहवत गेलो. फॉर्म भरून तयार आहे, तुमच्या फाइलला लावला आहे, पट्टी लावूनच रेघ मारली आहे. डॉक्टर विचारणार नाहीत, सिस्टरबाई तिसरा आकडा लिहितील, डोळ्यांचा तक्ता परत खिळ्यावर आलाय. तुमच्या शब्दाबाहेर मी गेलेलो नाही, निदान फारसा नाही. मामींना सांगा की त्यांच्या हातचा चहा आठवतो, इथला मी स्वतः करतो.

तुमचा,
अजूनपर्यंत नोकरीवर असलेला भाचा

ता. क. माझे काळे बूट तुमच्या पलंगाखाली राहिले आहेत. काढायला वाकू नका. मामींना सांगा.

ता. क. दुसरा. वर रेघेबद्दल लिहिलं ते खरं आहे, पण पूर्ण नाही. रेघ एक ते दहा अशी आहे आणि मग बारा ते अडतीस अशी आहे. अकरावा प्रश्न चक्कर आणि तोल जाण्याचा. तिथे माझा हात पट्टीसकट उचलला गेला. तरणतलावाच्या वेळी उचलला गेला नव्हता, आता का गेला कोण जाणे. ते घर कोरं आहे, तिथे तुमच्याच हाताने काय ते लिहा. जोडपत्राची कोरी नक्कल, तिच्या वेळी काढून ठेवलेली, सोबत लावली आहे, धूळ झटकून. हे पत्र सोमवारी तुमच्या कर्मचारी खोलीतल्या खणात तीच सहवैमानिक ठेवणार आहे. आत काय आहे ते मी तिला सांगितलेलं नाही. तिने पाकीट हातात धरून एवढंच म्हटलं, 'सरांना माझा नमस्कार लिहिलात ना?' म्हणून पुन्हा फोडून लिहितोय. तिचा नमस्कार.

ता. क. तिसरा. हेच खरं लिहायचं होतं आणि हेच सगळ्यात शेवटी ढकललं. आई बुधवारी धाकट्या मावशीकडे निघाली आहे. तिकीट तिने महिन्यापूर्वीच काढलं होतं, कौतुकाने, मामींना सहज तुमची फेरी विचारून, तुमच्याच विमानाचं, आणि तुम्हाला चकित करायचं म्हणून कोणाला बोलली नाही. मला काल कळलं. मी म्हटलं, तिकीट बदल, गुरुवारचं घे. तिने कारण विचारलं. मी आधी हवापाणी सांगितलं, मग सामानाचं वजन सांगितलं. शेवटी तिने माझा कान धरला, तेव्हा सगळं सांगून टाकलं: रांगणं, पडद्यांचा व्यापारी, शिडी. मला वाटलं, रडेल. ती उठली, बॅग उघडली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मी म्हटलं, आई, अगं मी काय सांगतोय? तर म्हणाली, 'ऐकलं मी. पण मी तिकीट बदललं तर त्या जागेवर दुसऱ्या कोणाची तरी बहीण बसेल, आणि तिला सांगायला तुझ्यासारखा मुलगा नसेल. बदलायचं तर त्याने बदलावं.' तर मामा, गुरुवारचं गुरुवारी बघू. तुम्ही बुधवारचं सांगा. मंगळवारी दुपारपर्यंत तुम्ही कंपनीला काय ते कळवा, म्हणजे दुसरा कॅप्टन येईल. आई मात्र कोणाचंही ऐकत नाही. तिची जागा पहिल्या रांगेत आहे, तुमच्या दारासमोर.